काठावरची लाल झेंडी

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात, विसर्जनाच्या चार दिवस आधी, भोपाळ येथे सभामंडपात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्याते रेल्वेच्या पूल विभागात अभियंता असून मंडळाचे सभासद आहेत.)





या मंडपात दरवर्षी एक व्याख्यान होते. संतवाङ्मयावर झाले, मधुमेहावर झाले, निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर झाले. यंदा सचिवांनी मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. पुलाखाली उभा राहून भेगा मोजणारा. मला व्याख्यान कसले जमणार?" त्यावर ते म्हणाले, "मग पाण्याबद्दलच बोला की. चार दिवसांनी आपल्याला तळ्यावर जायचेच आहे." हे मला पटले. म्हणून आजचा विषय आहे : होडीत बसताना पाण्यावरचे धोके आणि घ्यायची काळजी.

रेल्वेचा माणूस होडीबद्दल काय सांगणार, असे काहींना वाटेल. पण नदीवरच्या पुलाचे खांब पाण्याच्या रेषेजवळ पाहायचे, पायाभोवती किती खोल खड्डा पडला ते मोजायचे, तर होडीत बसावेच लागते. गेल्या वीसएक वर्षांत मी पुष्कळ वेळा बसलो आहे. त्यातल्या एका दिवसाबद्दल आज प्रथमच चारचौघांत बोलणार आहे. पण त्याआधी आपल्या गावची एक गोष्ट.

खटलापुरा घाट, २०१९

२०१९ साली अनंत चतुर्दशी १२ सप्टेंबरला होती. १३ तारखेच्या पहाटे साडेचारच्या सुमारास आपल्या छोट्या तलावावर, खटलापुरा घाटावर, गणपती विसर्जनाच्या वेळी नाव उलटली आणि ११ जण बुडाले. बहुतेक सगळे तरुण पोरगे. भोपाळात राहणाऱ्या प्रत्येकाला ती सकाळ आठवत असेल. छोटा तलाव हा काही समुद्र नव्हे. १७९४ साली बांधून काढलेले, सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपासचे तळे. ना पूर होता, ना वादळ. काठ हाकेच्या अंतरावर होता.

मग झाले काय? दोन नावा एकमेकींना जोडल्या होत्या, त्यांवर मोठी मूर्ती आणि मूर्तीभोवती माणसे. मूर्ती पाण्यात उतरवताना तोल गेला. अंगावर लाइफ जॅकेट नव्हते.

यातले यंत्रशास्त्र साधे आहे, आणि ते मी तुम्हाला सांगितले पाहिजे. होडी तरते ती खालच्या रुंदीवर आणि ओझे खाली असण्यावर. ओझे उंच गेले की होडी डोक्यावर घागर घेतलेल्या माणसासारखी होते; जरा कलली की सावरत नाही. दोन नावा दोराने बांधल्या म्हणजे एक मोठी नाव झाली असे आपल्याला वाटते. पण दोर म्हणजे पक्का सांधा नव्हे. एकीत पाणी शिरले की ती दुसरीलाही आपल्याबरोबर ओढते. मूर्ती ढकलायला सगळे जण एका कडेला आले की तीच कड पाण्याखाली जाते. त्यात मूर्ती घसरली की ते वजन एका क्षणात नाहीसे होते आणि नाव उलट्या बाजूला झोका खाते. तळाशी आधीच थोडे पाणी साचलेले असेल तर ते पाणीही नाव जिकडे कलेल तिकडेच धावते. चार बादल्या पाण्याने काय होणार, असे म्हणू नका. ते चालते-फिरते ओझे आहे.

विसर्जनाच्या घाटावर आणखी एक धोका दिसत नाही. आधी विसर्जित झालेल्या मूर्तींचे बांबूचे सांगाडे, तारा, सुतळ्या आणि लाकडी पाट पाण्याखाली पडलेले असतात. त्यांत पाय अडकला तर पट्टीचा पोहणारासुद्धा वर येत नाही.

खटलापुऱ्याच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी, १५ सप्टेंबर २०१९ रोजी, आंध्रात कच्चुलुरूजवळ गोदावरीत सहलीची बोट बुडाली आणि पन्नासच्या आसपास माणसे गेली. गोदावरीला तेव्हा पूर होता. ७ मे २०२३ ला केरळात तानूर येथे अंधार पडल्यावर निघालेली, खचाखच भरलेली बोट उलटली. २२ जण गेले. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. तिथेही क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि लाइफ जॅकेट काहींच्याच अंगावर होती. समुद्र, नदी, तळे हा फरक गौण आहे. चुका सगळीकडे त्याच आहेत आणि त्या सगळ्या होडी काठाला असतानाच होतात.

माझी चूक

आता तो दिवस सांगतो. काही वर्षांपूर्वीचा मे महिन्याचा शेवट. नर्मदेवरच्या एका जुन्या पुलाचे दगडी खांब पावसाळ्यापूर्वी जवळून पाहायचे होते. अहवाल दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, म्हणजे मी तो शेवटच्या दिवसापर्यंत ठेवला होता. दुपारचे तीन वाजलेले. होडीत नावाडी, मी, एक नवीन भरती झालेला मुलगा आणि आमचा खलाशी. लाइफ जॅकेट्स होती, पण ती स्टोअरमध्ये. स्टोअरची किल्ली ज्याच्याकडे, तो जेवायला गेलेला. मी म्हणालो, "अर्ध्या तासाचे काम आहे, चला."

नावाड्याने पश्चिमेकडे पाहिले आणि म्हणाला, "साब, पच्छिम काला हो रहा है. आज रहने दो." मला दिसत होते ते निळे आकाश आणि एका कोपऱ्यात मातकट रेघ. मी म्हणालो, "दादा, आधा घंटा." तो काही बोलला नाही. त्याने वल्हे उचलले.

दुसऱ्या खांबाजवळ पोहोचलो आणि वारा एकदम पडला. पाने हलेनात. नावाडी म्हणाला, "बैठ जाओ, सब नीचे बैठ जाओ." आणि वावटळ आली. आधी धूळ, मग वारा, मग लाटा. होडी आडवी होऊन खांबाकडे सरकू लागली. ती आपटू नये म्हणून आमचा खलाशी बांबू घेऊन उभा राहिला, त्याने बांबू खांबाला टेकवला आणि पुढच्या लाटेला तो पाण्यात.

मी अभियंता, मी साहेब, आणि मला काय करायचे ते सुचले नाही. नावाड्याने होडीचे तोंड वाऱ्याकडे फिरवले आणि ओरडला, "बांस मत छोड़ना!" खलाशाने बांबू सोडला नव्हता. त्या बांबूने त्याला तरते ठेवले. नावाड्याने दोर फेकला, आणि त्याला बाजूने नव्हे, मागच्या टोकाकडून आत घेतले. बाजूने घेतला असता तर आम्ही चौघेही पाण्यात गेलो असतो. पंधरा मिनिटांत वारा थांबला. नदी अशी शांत झाली की जणू काही घडलेच नाही.

संध्याकाळी मी खलाशाला विचारले, "तुला भीती वाटत होती तर आधी बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "साहेब, नावाडी बोलला होता की. तुम्ही त्याचं ऐकलं नाही, माझं काय ऐकणार?"

हे उत्तर मी आजवर विसरलेलो नाही. त्याच्या घरी दोन लहान मुली होत्या. माझा अहवाल दोन दिवस उशिरा गेला असता तर मला फार तर एक पत्र आले असते.

पाणी आधी सांगते

या अनुभवानंतर मी नावाड्यांना विचारून, वाचून, पाहून जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

पहिला धोका वाऱ्याचा. एप्रिल ते जून या काळात दुपारनंतर तापलेल्या हवेत वादळी ढग तयार होतात आणि त्यांच्या पुढे वाऱ्याचा लोट येतो. २१ मे २०२४ रोजी आपल्या उजनी जलाशयात कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये अशाच वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि ६ जण गेले. रोजच्या ये-जा करण्याच्या वाटेवर. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांब मिळेल तितकी लाट मोठी. आपला मोठा तलाव तीसएक चौरस किलोमीटरचा आहे. ज्या काठावरून वारा सुटतो त्या काठाजवळ पाणी शांत दिसते, पण पलीकडच्या बाजूला लाटा उठलेल्या असतात. म्हणून काठाजवळचे पाणी पाहून निर्णय घेऊ नये. क्षितिजावर मातकट रेघ, अचानक पडलेला वारा, एकदम थंड झुळूक, पक्ष्यांची काठाकडे धाव : यातले एक जरी दिसले तरी परत फिरावे. मध्येच सापडलात तर सगळ्यांनी तळाशी बसावे आणि होडीचे तोंड वाऱ्याकडे ठेवावे, ती आडवी होऊ देऊ नये.

दुसरा धोका विजेचा. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज साधारण ३ सेकंदांत १ किलोमीटर येतो. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, तेव्हा पाण्यावर थांबू नये. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास जाऊ द्यावा. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप मोबाईलवर ठेवा. जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सूचना देते.

तिसरा धोका धरणाचा. आपल्याकडच्या नद्या आता आकाशाइतक्याच धरणांच्या दरवाजांवर चालतात. तवा धरणाला १३ दरवाजे आहेत, आणि तवा नर्मदेला मिळते ती नर्मदापुरमच्या वरच्या अंगाला, बांद्राभानला. आपल्या डोक्यावर ऊन असते आणि वर कुठेतरी पाऊस पडून दरवाजे उघडलेले असतात. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी, वरच्या लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते होडीतही नव्हते, पात्रातल्या दगडांवर फोटो काढत होते. म्हणून नदीवर गेलात की काठावरचा एक दगड खूण म्हणून धरा. दगडाची ओली रेघ वर चढू लागली, पाणी गढूळ झाले, काटक्या आणि पाचोळा वाहून येऊ लागला, पाण्याचा आवाज बदलला किंवा भोंगा ऐकू आला, तर सामान गोळा करत बसू नका. आधी माणसे वर घ्या.

चौथा धोका खांबांचा. हे माझ्या खात्यातले आहे. पुलाचा खांब भक्कम दिसतो, म्हणून घाबरलेला माणूस आधारासाठी तिकडेच वळतो. पण वाहते पाणी खांबाच्या वरच्या अंगाला आदळून खाली बुडी मारते आणि तळ खणते. पुलाच्या पायाला आम्ही जपतो ते याच्यासाठीच. होडी तिथे आडवी सापडली की प्रवाह तिला खांबाशी दाबून धरतो आणि प्रवाहाकडची कड पाण्याखाली जाते. खांबाच्या वरच्या अंगाने होडी नेऊच नये. तीच गोष्ट बंधाऱ्यांची. वरून एक सपाट चकचकीत रेघ दिसते, आणि त्याखाली घुसळण असते.

शेवटी जलपर्णी आणि मासेमारीची जाळी. वल्हे किंवा पंखा त्यांत अडकला की होडी निकामी होते. तिथे पाण्यात उतरून सोडवायला जाऊ नये. वल्ह्याने किंवा बांबूने मागे रेटून निघावे.

अंगावरचे जॅकेट

लाइफ जॅकेट होडीत असून उपयोग नाही, अंगावर असावे लागते. आणि अंगावर असूनही पट्टे बांधलेले नसतील तर माणूस खाली जातो आणि जॅकेट वर राहते. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला घालू नका, ते गळ्यातून निसटते. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. घातल्यावर खांद्यांना धरून वर उचलून पाहा. कानापर्यंत सरकले तर ते घट्ट नाही.

"मला पोहता येते" हे वाक्य मी फार ऐकले आहे. पोहता येते ते पोहायच्या कपड्यांत, दिवसा, ठरवून पाण्यात उतरल्यावर. अंगात झब्बा, रात्रीची वेळ, आणि गळ्याला मिठी मारणारे दोन बुडणारे मित्र असले की पोहणे विसरायला होते.

होडी उलटलीच तर काठाकडे पोहायचा मोह टाळा. लाकडी किंवा फायबरची होडी उलटी होऊनही बहुधा तरंगते, तिला धरून राहा. काठावरच्यांनी उडी मारू नये. दोर, बांबू, रिकामा प्लॅस्टिकचा डबा, ट्यूब, जे हाताला लागेल ते फेकावे. आधी फेका, मग ओढा. ११२ किंवा १०८ ला फोन करा. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटा धरू नका, पोट दाबू नका. पाठीवर झोपवा, आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. रेल्वेत प्रथमोपचाराचा वर्ग घेतलेले सहकारी इथे बरेच आहेत, त्यांनी इतरांना शिकवावे.

नाही म्हणण्याचा अधिकार

हे सगळे नियम नवीन नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ साली नौका सुरक्षेवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. माहिती कमी पडत नाही. कमी पडतो तो "नाही" म्हणणारा माणूस, आणि त्याचे ऐकणारा.

रेल्वेतली मंडळी जाणतात की आपल्याकडे एक फार मोठी गोष्ट आहे. रूळ तपासत चालणारा कीमन हा आपल्या खात्यातल्या सर्वांत साध्या माणसांपैकी एक. पण त्याला रुळाला तडा दिसला तर तो लाल झेंडी दाखवून राजधानी थांबवतो. झेंडी नसेल तर गमछा जोरात हलवतो. तेव्हा ड्रायव्हर त्याला "तुझे पद काय" असे विचारत नाही. आधी गाडी थांबते, मग विचारपूस. रामेश्वरच्या जुन्या पांबन पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की गाडी थांबवत असत. तिथे गाडीत कोण साहेब बसला आहे हे वारा मोजणारे यंत्र विचारत नव्हते.

होडीच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. नावाड्याला पाणी सर्वांत जास्त कळते आणि त्याचेच कोणी ऐकत नाही, कारण तो गरीब आहे आणि पैसे आपण देतो. विसर्जनाच्या रात्री एखाद्या पोराच्या मनात येते की हे बरोबर नाही. पण ढोल वाजत असतो, मित्र पुढे गेलेले असतात, आणि "बाप्पा आहेत ना" असे कोणीतरी म्हणते. मग तोही चढतो. माझ्या होडीत तरी देवाचे निमित्त नव्हते, फक्त माझा अहवाल होता. तिथेही कोणी दुसऱ्यांदा नाही म्हणू शकले नाही.

म्हणून माझी मंडळाला चार गोष्टींची नम्र विनंती आहे.

एक, यंदा आपल्या मूर्तीबरोबर मंडळाचा एकही माणूस नावेत चढणार नाही. क्रेन असलेल्या घाटावर जाऊ, मूर्ती तिथल्या प्रशिक्षित लोकांच्या हाती देऊ आणि आरती काठावर करू. दोन, विसर्जन उजेडातच होईल. त्यासाठी मिरवणूक दोन तास आधी निघावी लागली तर निघू. तीन, मुले दोराच्या मागे राहतील आणि दोर धरायला मोठी माणसे असतील. चार, पुढच्या वर्षीपासून मूर्ती शाडूची आणि दोन माणसांना उचलता येईल एवढीच असावी. अशी मूर्ती कुंडातही विसर्जित होते. तिला नाव लागत नाही, आणि तळ्याचेही भले होते.

काही ज्येष्ठांना वाटेल की मूर्ती लहान झाली तर मंडळाचा मान कमी होईल. त्यांना मी हात जोडून एवढेच म्हणतो की १३ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी त्या अकरा घरांत मूर्तीची उंची कोणी विचारली नसेल.

आणि शेवटची गोष्ट. त्या दिवशी पाण्यात पडलेला आमचा खलाशी पांढुर्ण्याकडचा, मराठीच. तो आज मागच्या रांगेत बसला आहे. त्याला उभे राहायला सांगणार नाही, त्याला ते आवडणार नाही. पण मी ऑफिसमधून एक लाल झेंडी आणली आहे. विसर्जनाच्या दिवशी घाटावर ती त्याच्या हातात असावी, असे मी सुचवतो. त्याने ती उघडली की अध्यक्ष असोत, सचिव असोत, नाहीतर मी असो, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे. का, ते नंतर विचारायचे.

त्या दिवशी मी थांबलो नव्हतो. बाप्पाने आणि एका बांबूने मला वाचवले. प्रत्येक वेळी हाताशी बांबू असेलच असे नाही.



गणपती बाप्पा मोरया!